कुर्त्याचा गळा दर वेळी का बिघडतो? बाहेर डोकावणारी पट्टी, लोंबणारा गळा आणि धुतल्यावर पडणारा पीळ

घरी शिवलेल्या कुर्त्याच्या बाह्या बसतात, बाजूच्या शिवणी सरळ येतात, घेरही एकसारखा दुमडला जातो. घोडं अडतं ते गळ्यापाशी. इस्त्री करून आत बसवलेली पट्टी तासाभरात बाहेर डोकावू लागते. वाकलं की गळा पुढे लोंबतो, नाहीतर कडेला चुण्या पडून उभा राहतो. मग पुढच्या कुर्त्याला आपण जास्त काळजी घेतो, अगदी सावकाश टीप मारतो, आणि गळा पुन्हा तसाच येतो.

कारण ही काळजी उशिरा घेतलेली असते. गळा कापून कात्री खाली ठेवल्यापासून तो मशीनच्या पायाखाली जाईपर्यंतच्या वेळातच बहुतेक गळे बिघडतात. टीप फक्त तो बिघाड पक्का करते. त्यामुळे मशीनचा ताण बदलून, सुई बदलून किंवा महागातला दोरा आणून हा प्रश्न सुटत नाही. बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला ते आधी ओळखावं लागतं, आणि ते उसवण्याआधी ओळखावं लागतं, कारण उसवताना कापड आणखी ताणलं जातं आणि खुणा पुसल्या जातात.

आधी बिघाड ओळखा

कुर्ता टेबलावर किंवा जमिनीवर चादर घालून सपाट पसरा. हाताने ओढून नीट करू नका, जसा पडेल तसा पडू द्या. तुमचं पेपर कटिंग जपून ठेवलेलं असेल तर ते गळ्यावर ठेवा. नसेल तर टेप आडवा न धरता कडेवर उभा धरा आणि गळ्याच्या वळणावरून फिरवत पुढच्या गळ्याची लांबी मोजा. मग खांद्याच्या शिवणीपासून मध्यापर्यंतची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजा.

डावी-उजवी बाजू एकमेकींशी जुळत नसेल, किंवा गळा कागदापेक्षा दोन सूत जरी मोठा भरला, तरी गळा ताणला गेला आहे असं समजा. (आठ सूत म्हणजे एक इंच. गळ्याच्या कामात सूत हेच माप उपयोगी पडतं, सेंटिमीटरच्या हिशेबात हात अडखळतो.) माप बरोबर आहे पण सपाट पडलेल्या कुर्त्यातही पट्टी कडेवर दिसते, तर दोष पट्टी पलटवण्याच्या पद्धतीत आहे. सपाट ठेवल्यावर सगळं छान दिसतं आणि अंगात घातल्यावर गळा लोंबतो, तर शिलाई निर्दोष आहे आणि बेतण्यात चूक आहे. धुण्याआधी चांगला होता आणि धुतल्यावर बिघडला, तर दोष कापडाच्या जोडीत आहे: वरचं कापड एक, पट्टीचं दुसरं, पेस्टिंग (पट्टीला कडकपणा देण्यासाठी मागून इस्त्रीने चिकटवायचं कापड) तिसरं, आणि तिघांचं आटणं वेगवेगळं.

हे चार प्रकार नीट वेगळे केले की अर्धं काम झालं. एका कुर्त्यात दोन दोष एकत्रही असू शकतात. तसं असेल तर ताणलेल्या गळ्याचा दोष आधी काढायचा, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं असतं.

ताणलेला गळा: सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा दोष

कापडाचा उभा धागा जवळजवळ ताणत नाही, आडवा थोडासा ताणतो, आणि तिरकं, म्हणजे उरेब ओढलं की तेच कापड भरपूर वाढतं. कुर्ता कापताना मधली घडी उभ्या धाग्यावर असते. आता गोल गळ्याचं वळण बघा. अगदी मध्यभागी, तळाशी, गळ्याची कड आडव्या धाग्याबरोबर जाते. खांद्याजवळ ती उभ्या धाग्याबरोबर वर चढते. या दोघांच्या मध्ये, घड्याळात साडेचार आणि साडेसात जिथे वाजतात त्या दोन जागी, कड बरोबर उरेबात येते. गोल गळा वाढतो तो या दोन जागी. पुढून बघितलं की तिथेच दोन पोकळ कमानी उठलेल्या दिसतात, मध्यभाग मात्र जागच्या जागी असतो. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की तयार कुर्त्यातही लगेच ओळखू येते.

व्ही गळ्यात तर ही अडचण सलग असते. खांद्यापासून टोकापर्यंतची सगळी कड तिरकी असल्यामुळे ती कुठेही धरली तरी वाढते. चौकोनी गळ्याला हा त्रास नाही, त्याच्या तिन्ही कडा उभ्या-आडव्या धाग्यावर असतात. नव्याने शिकणाऱ्यांनी आधी चौकोनी गळा शिवावा असं मला मनापासून वाटतं. कोपऱ्यांची भीती वाटते खरी, पण कोपरा डोळ्यांना दिसतो आणि नीट करता येतो. ताणलेली कड दिसत नाही.

गळा ताणला जातो तो अगदी साध्या गोष्टींनी. कापलेला पुढचा भाग खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवणं, गळ्यातून हात घालून उचलणं, अंगाला लावून बघणं, टाचण्या लावताना कड बोटांत धरून सरळ करणं. जॉर्जेट, शिफॉन, रेयॉन, मऊ मलमल या कापडांना तर स्वतःचं वजनही पुरतं.

उपाय कापल्याबरोबर करायचा आहे. गळा कापून झाला की भाग न उचलता तसाच सरकवत मशीनवर न्या आणि कडेपासून दीड सुतावर, एकाच थरावर, बारीक टाक्याची एक टीप मारा. शिवणक्लासमध्ये हिला स्टे स्टिच म्हणतात. मशीनचा खटका दीड ते दोनवर ठेवा, म्हणजे टाका दीड-दोन मिलिमीटरचा पडेल. ही टीप एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सलग मारायची नाही. डाव्या खांद्यापासून मध्यापर्यंत एक, मग उजव्या खांद्यापासून मध्यापर्यंत दुसरी. सलग मारली तर मशीनचे दाते कापड एकाच दिशेला ढकलत नेतात आणि गळ्याची एक बाजू दुसरीपेक्षा लांब होते. गळ्याची माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं जादा कापड, दोन सूत धरली असेल तर ही टीप मायेत लपते, उसवायची गरज पडत नाही.

टीप मारून झाल्यावर कागद पुन्हा गळ्यावर ठेवा. किंचित मोठा झाला असेल तर त्याच टिपेचा खालचा दोरा हलक्या हाताने ओढा, कड कागदाएवढी आणा आणि वाफेच्या इस्त्रीने, घासायच्या ऐवजी नुसती ठेवून उचलत, ती जादा लांबी बसवा. सुती आणि लोकरी कापड अशी लांबी पोटात घेतं. पॉलिएस्टर घेत नाही, तिथे चुणी राहते.

व्ही गळ्याला एवढ्याने भागत नाही. त्यासाठी पातळ व्हॉइल किंवा मलमलीचा काठ, म्हणजे पन्ह्याच्या दोन्ही बाजूंना असते ती घट्ट विणीची कड, दोन सूत रुंदीने कापून ठेवा. काठ उभ्या धाग्याचा असतो आणि उसवतही नाही. गळ्याच्या एका बाजूची लांबी कापडावरून मोजू नका, कागदावरून मोजा. तेवढा काठाचा तुकडा उलट बाजूने शिवणीच्या रेषेवर ठेवून टीप मारा. कापडाने कितीही वाढायचं म्हटलं तरी काठ त्याला धरून ठेवतो. खांद्याच्या शिवणीतही हाच तुकडा घातला तर रेयॉनचे कुर्ते खांद्यावरून ओघळत नाहीत. काठ फेकून देण्याची सवय सोडा, एका डब्यात गुंडाळून ठेवा.

पट्टी बाहेर का डोकावते

गळ्याला आतून पट्टी लावण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. सुलटावर सुलट ठेवून टीप, काप, पलटी, इस्त्री, वरून दाबटीप किंवा हातशिलाई. यातल्या काप आणि पलटी यांच्यामधली एक पायरी बहुतेक घरी गाळली जाते आणि त्यामुळेच पट्टी बाहेर येते.

आधी काप. गोल गळ्याची माया आतल्या वळणाची असते, म्हणजे पलटल्यावर तिला जास्त लांब कडेवर पसरावं लागतं. काप दिले नाहीत तर ती पसरू शकत नाही आणि गळ्याला आतून खेचत राहते. अर्ध्या अर्ध्या इंचावर, उरेबाच्या त्या दोन जागी त्याहून जवळ जवळ, टिपेच्या अगदी जवळपर्यंत काप द्यावे लागतात. टिपेपासून एक मिलिमीटर सोडला तरी पुरे. भीतीने अर्धवट दिलेला काप काहीच कामाचा नाही. काप देताना कात्रीचं टोक वापरा, मधलं पातं नको. टीप कापली जाते ती मधल्या पात्याने.

काप देण्याआधी मायेचे थर कमी-जास्त करा. कुर्त्याची माया दोन सूत ठेवली तर पट्टीची एकच सूत ठेवा. दोन्ही कडा एकाच जागी संपल्या की बाहेरून तिथे उंचवटा दिसतो आणि इस्त्री फिरवली की तो चकाकतो.

आता ती गाळलेली पायरी. पट्टी बाहेरच्या अंगाला पूर्ण उघडा, म्हणजे कुर्ता एका बाजूला, पट्टी दुसऱ्या बाजूला आणि मधे शिवण. मायेचे सगळे थर बोटाने पट्टीच्या बाजूला ढकला. मग पट्टीच्या सुलट बाजूवर, शिवणीपासून अर्ध्या सुतावर, पट्टी आणि माया यांना धरून टीप मारा. कुर्ता या टिपेत येता कामा नये. ही टीप बाहेरून दिसत नाही. ती मायेला पट्टीशी बांधते आणि पट्टी पलटल्यावर शिवण आपोआप केसभर आतल्या बाजूला वळते. अंडरस्टिच म्हणतात ती हीच.

वरून दाबटीप मारली की पट्टी बसेल असं अनेकांना वाटतं. दाबटीप पट्टीला जिथे आहे तिथे पक्की करते. ती आधीच कडेवर आलेली असेल तर कडेवरच पक्की होते. जाड सुती कापडात किंवा खादीत दाबटीप शोभते, तिथे जरूर मारा, पण अंडरस्टिच मारून झाल्यावर. व्ही गळ्याच्या टोकात आणि चौकोनी गळ्याच्या कोपऱ्यात अंडरस्टिच पोहोचत नाही. तिथे एक इंच अलीकडे थांबायचं आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरू करायचं.

टोकाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. व्ही गळ्याच्या टोकाला चुणी पडते त्याचं कारण बहुतेक वेळा टोक फार टोकदार असणं हेच असतं. टीप टोकापर्यंत आणा, सुई कापडात ठेवून पाय उचला, अर्धं वळा, एकच टाका आडवा घ्या, पुन्हा वळा आणि वर जा. या एका टाक्यामुळे पलटताना कापडाला वळायला जागा मिळते आणि बाहेरून टोक उलट जास्त रेखीव दिसतं. टोकाच्या दोन्ही अंगांना एकेक इंच टाका बारीक ठेवा, म्हणजे काप टिपेला भिडला तरी धागे निघणार नाहीत.

इस्त्री कधी करायची

शिवून झाल्यावर शेवटी एकदाच इस्त्री करण्याची सवय गळ्याच्या मुळावर येते. टीप मारली की आधी ती शिवण जशी आहे तशीच, न उघडता, दाबायची. त्याने दोरा कापडात बसतो. मग पट्टी उघडून शिवणीवर दाबायचं, मग अंडरस्टिच, मग पलटून पुन्हा दाबायचं. एका गळ्याला चार वेळा इस्त्री लागते. मशीनच्या शेजारी इस्त्रीची सोय करून ठेवली तर याचा कंटाळा येत नाही.

इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली की उरेबाची कड पुन्हा ताणली जाते आणि इतका वेळ केलेलं काम वाया जातं. गोल वळणासाठी जुना टॉवेल घट्ट गुंडाळून त्यावर गळा ठेवा, सपाट टेबलावर वळण कधीच नीट दाबलं जात नाही.

सपाट ठेवल्यावर छान, अंगात घातल्यावर लोंबतो

हा बेतण्याचा दोष आहे आणि शिवलेल्या कुर्त्यात तो पूर्ण काढता येत नाही. गळ्याची अर्धी रुंदी छातीच्या बाराव्या हिश्शाएवढी धरण्याचा हिशेब शिवणक्लासमध्ये शिकवतात. छत्तीस छातीला ती ३ इंच येते. हा हिशेब साध्या खोलीच्या गळ्याला चालतो. पुढचा गळा ७ इंच खोल आणि मागचाही खोल ठेवून रुंदी तीच ठेवली, तर खांद्याला धरून ठेवायला कापडच उरत नाही आणि गळा पुढे पडतो. दोन्ही गळे खोल हवे असतील तर रुंदी कमी करा, नाहीतर मागे दोरी लावा. ब्लाउजच्या मागच्या दोऱ्या लटकनसाठी शोभेच्या असतात हे खरं, पण खांदे जागेवर ठेवण्याचं कामही त्याच करतात.

छाती भरलेली असेल तर मात्र रुंदी कमी करूनही पुढची कड पोकळ राहते. कापड छातीवरून उतरताना गळ्यापाशी उरतं. कुर्ता घालून आरशासमोर उभं राहा आणि ते जादा कापड गळ्याच्या कडेला चिमटीत धरून टाचणी लावा. दोन-तीन सूत भरेल. पुढच्या वेळी पेपर कटिंगमध्ये गळ्याच्या कडेपासून छातीच्या टोकापर्यंत तेवढीच निमुळती चुणी घाला. कागद सपाट पडण्यासाठी बाजूच्या टकच्या, म्हणजे बाजूच्या शिवणीतून छातीकडे येणाऱ्या निमुळत्या चुणीच्या, रेषेवरून छातीच्या टोकापर्यंत कागद कापा आणि तिथे त्याला उघडू द्या. गळ्यातलं जादा कापड टकमध्ये जातं. मग गळ्याचं वळण हाताने पुन्हा गोल करून घ्या.

आत्ता हातात असलेल्या कुर्त्यासाठी मार्ग आहेत. पुढच्या मध्यावर दोन-तीन बारीक पिनटक्स घाला, त्यात अर्धा इंच सहज जिरतो आणि ते मुद्दाम घातल्यासारखे दिसतात. मागच्या गळ्याच्या मध्यावर एक छोटी उलटी प्लेट घेता येते. काही न उसवता करायचं असेल तर मायेतून हाताने धावदोरा घालून कड थोडी आत घ्या आणि वाफेने बसवा. सुती कापडात हे चांगलं जमतं.

उरेब पट्टीचा पीळ

पातळ कापडाला रुंद पट्टीऐवजी उरेब पट्टी लावून आत दुमडतात. तिला पीळ पडतो तो ती खऱ्या उरेबात कापलेली नसते म्हणून. कापडाचा उभा काठ आडव्या कापलेल्या कडेवर आणून घडी घाला, ती घडी म्हणजे बरोबर ४५ अंश. तिथूनच सव्वा इंचाच्या पट्ट्या आखा. उरलेल्या तिरक्या तुकड्यातून डोळ्यांच्या अंदाजाने कापलेली पट्टी एका बाजूला जास्त ताणते आणि दुमडताना फिरते. जोडही तिरकाच द्यायचा, सरळ जोड गळ्यावर गाठीसारखा दिसतो, आणि तो खांद्याच्या शिवणीजवळ येईल असं बघायचं.

शिवताना पट्टी किती ओढायची यावर सगळं ठरतं. गोल भागात पट्टी हलकेच ताणून धरा आणि कुर्त्याचं कापड अजिबात ताणू नका. सरळ भागात दोन्ही सैल सोडा. पट्टी सैल लागली की दुमडलेल्या कडेला झालरीसारख्या लहरी येतात, जास्त ताणली की गळ्यालाच चुण्या पडतात. बाजारातली तयार उरेब पट्टी मी मऊ कुर्त्याला लावत नाही. तिच्यात बहुधा पॉलिएस्टरची मिसळ असते आणि कापडापेक्षा ती कडक राहते. त्याच कुर्त्याच्या कापडातून किंवा मऊ व्हॉइलमधून घरी कापलेली पट्टी नेहमी जास्त चांगली बसते.

धुतल्यावर बिघडलेला गळा

न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. हातमागाचं, सैल विणीचं असेल तर जास्तच. कुर्त्याचं कापड धुऊन घेतलं आणि पट्टीचं तसंच कोरं वापरलं, तर पहिल्या धुण्यानंतर पट्टी आखडते आणि गळ्याला आत ओढते. उलट झालं तर कुर्ता आखडतो आणि पट्टी फुगते. दोन्ही कापडं एकत्र भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायची. पट्टीसाठी जुनी सुती साडी फार उपयोगाची असते. शेकडो धुण्यांतून गेलेली असल्यामुळे ती आता आटणार नाही आणि अंगालाही टोचत नाही. फक्त विरलेला भाग टाळा, बोटांनी ताणून बघा, धागे सरकले तर तो तुकडा पोटलीसाठी ठेवा, गळ्याला नको.

पेस्टिंगचे फुगे हा आणखी एक त्रास. पेस्टिंगच्या मागे बारीक डिंकाचे ठिपके असतात आणि ते वितळून धाग्यात शिरायला उष्णता, दाब आणि वेळ तिन्ही लागतात. इस्त्री घाईघाईने फिरवली तर ते वरवर चिकटतात आणि पहिल्या धुण्यात सुटतात. एका जागी साधारण दहा सेकंद दाबून ठेवा, उचला, पुढे ठेवा, आणि पूर्ण गार होईपर्यंत पट्टी हलवू नका, कारण डिंक गार होतानाच पकडतो. आधी चिंधीवर करून बघा. पेस्टिंग पट्टीच्या मायेत घेऊ नका, शिवणीपर्यंतच कापा, नाहीतर काप देऊनही गळ्याची कड जाड राहते. नुसत्या खळीवर कडक असलेलं बकरम धुतलं की लुळं पडतं, रोजच्या कुर्त्याला ते वापरण्यात अर्थ नाही.

हातशिलाईबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रुंद पट्टीची बाहेरची कड पूर्ण गोलाकार कुर्त्याला हेम करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. टाका जरा घट्ट झाला किंवा धुतल्यावर दोरा आटला, की बाहेरून खळ्यांची रांग उठते. अंडरस्टिच नीट असेल तर पट्टी कुठेच पळत नाही. तिची कड इंटरलॉक करून घ्या (पिको-फॉलच्या दुकानात मिनिटभराचं काम असतं), आणि ती फक्त खांद्याच्या शिवणींना आतून तीन-चार टाक्यांनी बांधा. हेम करायचंच असेल तर वरच्या कापडाचा एकच धागा सुईवर घ्या आणि दोरा अजिबात ओढू नका.

जो कुर्ता शिवून झाला आहे त्याचं काय करायचं

फक्त पट्टी डोकावत असेल तर उसवू नका. पट्टी बोटाने आत ढकलत, शिवण केसभर आत नेत कच्चा दोरा घाला, वाफेने दाबा, आणि आतल्या बाजूने पट्टी व माया यांना धरून बारीक उलट टाके घाला, वरच्या कापडात सुई न घालता. वेळ लागतो, पण हातचं अंडरस्टिच मशीनइतकंच टिकतं, आणि तयार कपड्यात शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतं.

काप अपुरे असतील तर पट्टी उलटवून आधी ते पूर्ण करा. अनेकदा चुण्या एवढ्यानेच जातात.

गळा फारच वाढला असेल तर पट्टी पूर्ण काढून गळा अर्धा इंच मोठा आखावा, ताणलेली कड कापून टाकावी आणि स्टे स्टिचपासून पुन्हा सुरुवात करावी. यात खोली वाढते, म्हणून आधीच खोल असलेल्या गळ्याला हे करू नये. तिथे कडेवरून विरोधी रंगाचा गोट, म्हणजे कडेला गुंडाळून बाहेरून दिसणारी पट्टी, लावावा. गोटाची पट्टी हलकी ताणून लावली की वाढलेली कड तिच्यात सामावते.

खणाच्या कुर्त्याला मात्र पुन्हा पुन्हा उसवणं सोसत नाही. खणाचे धागे कापल्या कडेतून पटकन निघतात आणि काप दिल्यावर तर टिपेपर्यंत उसवत येतात. खणाच्या गळ्याला टाका बारीक ठेवा, माया दोन सुताऐवजी तीन सूत धरा, पट्टी खणाचीच न लावता सुती लावा, आणि काप सरळ देण्याऐवजी किंचित तिरके द्या. रेशमी कापडात उसवलेल्या टिपेची भोकं तशीच राहतात, त्यामुळे तिथे आधी कच्चा दोरा, मग टीप, आणि टाचण्या फक्त मायेत. सुईही बदला. जाड सुतीसाठी लावलेली सोळा नंबरची सुई मलमल, व्हॉइल किंवा रेशमाला धागे ओढत शिवते, त्यांना अकरा नंबर हवी.

रेयॉनचा कुर्ता ओला असताना खांद्यावरून हँगरला टांगू नका. ओलं रेयॉन कमजोर होतं आणि पाणी धरून जड झालेला घेर सगळा भार गळ्यावर आणि खांद्यांवर टाकतो. तो दोरीवर कमरेपाशी दुमडून, अर्धा इकडे अर्धा तिकडे वाळत घाला, आणि थोडा दमट असतानाच गळा हाताने गोल करून, इस्त्री ठेवून उचलत दाबून घ्या.